चार सूत, तेरा नंबर

खंडेनवमीला आमच्या घरी देवापुढे तलवार कधी मांडली गेली नाही. तलवार बाळगणारे घराणे आमचे नव्हतेच. आई पाट मांडी, त्यावर धुतलेला पंचा अंथरी, आणि अण्णा आपली हिरवी पत्र्याची पेटी उघडून एकेक पाना रॉकेलच्या बोळ्याने पुसून ओळीने ठेवीत. थोरल्याला थोरले, धाकट्याला धाकटे असे झेंडूचे फूल प्रत्येकाच्या वाट्याला येई. हातोडीला कुंकू लागे, पकडीला लागे; ग्रीसगनला लावलेले मात्र टिकत नसे, तेलकट अंगावरून ओघळून जाई. मग अण्णा दर वर्षी म्हणत, "हिला तेलाचा अभिषेक आधीच झालाय." आणि आम्ही दर वर्षी हसत असू.

अण्णा कोयनेच्या धरणाच्या कामावर जीप चालवीत. पुढे सरकारी लिलावात त्यांनी तशीच एक जुनी जीप घेतली आणि जन्मभर तिची चाकरी केली. अण्णांना जाऊन आता सहा वर्षे झाली. ती जीप आणि ती पेटी माझ्याकडे आली. मी मॅट्रिकपुढे न गेलेला माणूस. मुलांना शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. माझ्या एका कादंबरीत ड्रायव्हरचे पात्र आहे. ती वाचून अण्णा एवढेच म्हणाले होते, "माणूस बरा काढलास, पण याच्या नखांत काळं कुठं दिसत नाही."

तर जीप बाहेर न देता घरीच दुरुस्त करायची असे मी ठरवले. त्यात पितृभक्ती किती आणि काटकसर किती, हा हिशेब न केलेला बरा. पहिल्याच रविवारी पेटी अंगणात उपडी केली, आणि तिच्यातून तीन पाने असे निघाले की मी चक्रावून गेलो. दिसायला तिघे तिळे भाऊ. एकावर लिहिलेले १/२. दुसऱ्यावर १३. तिसऱ्यावर १/४ आणि पुढे इंग्रजी डब्ल्यू. शाळेतला व्हर्नियर आणून तोंडे मोजली. पहिल्याचे १२.७ मिलिमीटर, दुसऱ्याचे १३, तिसऱ्याचे साधारण १३.३. म्हणजे एकेकात फरक नखाच्या जाडीएवढा. आणि ज्याचे तोंड सर्वांत मोठे, त्याच्यावरच आकडा सर्वांत लहान, पाव इंच! असे तीन पाने एका माणसाने कशाला बाळगावेत? तिघांपैकी दोन भंगारात द्यावेत असे मनात आले होते. दिले नाहीत हे नशीब. त्या तीन पान्यांच्या मागे तीन देशांचे तीन हट्ट उभे आहेत, आणि घरी जीप दुरुस्त करू पाहणाऱ्याला कोणती हत्यारे घ्यावीत हे अजूनही तेच हट्ट सांगतात.

प्रथम त्या डब्ल्यूची गोष्ट. गेल्याच्या गेल्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका लोहशाळेतला बोल्ट हरवला तर दुसरीकडचा नट त्याला बसेल याचा भरवसा नसे. बोल्ट आणि नट जोडीने जन्माला येत आणि जोडीनेच भंगारात जात. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली, सरासरी काढली आणि १८४१ साली सर्वांसाठी एक माप मांडले. अमुक जाडीच्या बोल्टला इंचात अमुक आटे, आणि आट्याचा कोन ५५ अंश. रेल्वे कंपन्यांनी ते उचलले, आणि इंग्रज जिथे जिथे गेला तिथे तिथे हे आटे गेले. त्या पद्धतीत पान्यावर आकडा घालतात तो बोल्टच्या जाडीचा; पान्याच्या तोंडाचा नव्हे. एखाद्याला वय विचारावे आणि त्याने धाकट्या भावाचे सांगावे, तसला हा कारभार. माझ्या पाव इंची पान्याचे तोंड अर्ध्या इंचाहून मोठे का, ते आता कळले असेल.

अमेरिकेला हे पटले नाही. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ साली तिथल्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे आपला आटा मांडला. कोन ६० अंशांचा आणि माथे गोल न ठेवता सपाट. त्याचे म्हणणे असे की इंग्रजी आटा करायला फार निष्णात कारागीर लागतो. माझा आटा साधा कामगारही बिनचूक पाडील. यात मला मास्तर म्हणून फार गंमत वाटते. ६० अंशांचा कोन कंपासने कोणत्याही पोराला काढता येतो. ५५ अंशांचा काढून दाखवा म्हणावे! तिकडे युरोपने १८९८ साली झुरिकला जमून मेट्रिक आटे ठरवले. कोन अमेरिकेचाच, ६०. पण माप मिलिमीटरचे. झाले! जगात तीन घराणी झाली, आणि एका घराण्याची मुलगी दुसऱ्या घराण्यात द्यायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या महायुद्धात या भांडणाने फार मोठे मोल मागितले. इंग्रज आणि अमेरिकन एका बाजूने लढत होते, पण त्यांचे नट लढत होते एकमेकांशी. रोल्स रॉइसचे मर्लिन हे विमानाचे इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतले, तेव्हा त्यांना इंग्रजी आट्यांसाठी आपली हत्यारे मुद्दाम घडवावी लागली. युद्ध संपल्यावर १९४८ च्या नोव्हेंबरात अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच इंची आटा मान्य केला. कोन ६० चा राहिला. व्हिटवर्थचा डब्ल्यू हळूहळू जुन्या बाजाराकडे चालू लागला.

आणि याच युद्धात जीप जन्माला आली. १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रे धाडली: चारही चाके ओढणारी, हलकी गाडी हवी, आणि नमुना ४९ दिवसांत हवा. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम ही लहानशी, डबघाईला आलेली कंपनी जिवावर उदार होऊन कामाला लागली. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरने नकाशे काढले, आणि २३ सप्टेंबरला गाडी मेरीलँडच्या होलाबर्ड छावणीत पोचली. पुढे मोठे काम मिळाले ते मात्र विलीज आणि फोर्ड यांना. बँटमच्या वाट्याला पहिलेपण आले, पोटाला पुरेसे काही आले नाही. असे पुष्कळांचे होते, असो.

फोर्डने विलीजच्याच नकाशांवरून गाड्या बांधल्या, म्हणजे एकीचा भाग दुसरीला चालावा. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. पण फोर्डचा मानी स्वभाव! आपले भाग ओळखू यावेत म्हणून त्याने बोल्टच्या डोक्यावरसुद्धा आपले वळणदार एफ अक्षर उठवले. अण्णांच्या डालड्याच्या डब्यात, जिथे जगातले सारे बिनकामाचे नट जमा होत, तिथे असा एक बोल्ट मला सापडला. कोणत्या आघाडीवरून कोणाच्या हातून फिरत तो कोयनेच्या खोऱ्यात आला असेल, देव जाणे.

या गाडीची एक गोष्ट मला फार आवडते. तिच्या मागच्या दोन्ही चाकांच्या वर, अंगातच, हत्यारांचे झाकणवाले कप्पे केलेले होते. आणि डाव्या बाजूला बाहेरून फावडे आणि कुऱ्हाड बांधलेली. म्हणजे गाडी बांधणाऱ्याने आधीच धरून चालले होते की ही बिघडणार, रुतणार, आणि जो चालवील तोच हिला दुरुस्त करील. हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पाने, स्पार्क प्लगचा पाना, ग्रीसगन, जॅक. एवढ्यावर पोरसवदा सैनिकाने रानात काम भागवायचे. घरी जीप पाळणाऱ्याची पहिली यादी आजही याहून फारशी वेगळी नाही.

युद्ध संपल्यावर जीप आपल्याकडे राहिली. १९४५ साली 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी निघाली. फाळणीनंतर तिच्या भागीदारांपैकी गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ साली इथे 'महिंद्र अँड महिंद्र' हे नाव आले. १९४९ पासून मुंबईत माझगावला अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांच्या जीपा जोडल्या जाऊ लागल्या. भाग इंची, म्हणून पाने इंची. आपल्या मिस्त्रींनी त्या इंचांना लगेच देशी नावे दिली. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत, ७/१६ म्हणजे साडेतीन सूत, पाऊण इंच म्हणजे सहा सूत. मी वर्गात व्यवहारी अपूर्णांक शिकवताना हल्ली पानेच घेऊन जातो. ७/१६ मोठा की १/२ मोठा, यावर एरवी वर्गात मतदान होते. पाना हातात दिला की होत नाही.

मग १९५७ साली एप्रिलच्या पहिल्या तारखेला नवे पैसे आले, आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो आणि मीटर यायला लागले. आजीने शेर सोडला, वाण्याने छटाक सोडले, जीपने मात्र सूत सोडले नाही. तिचे नकाशे अमेरिकेचे. तिची सांगाडी, तिचे ॲक्सल, तिची चाके इंचातच राहिली. पुढे पेट्रोल महाग झाले तेव्हा महिंद्रांनी फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने डिझेल इंजिने इगतपुरीला बांधायला घेतली, आणि फ्रान्सचे इंजिन म्हणजे सारे मिलिमीटर. अण्णांनीही जुने पेट्रोल इंजिन काढून तसले डिझेल बसवले. त्यामुळे आमच्या जीपचे बॉनेट उघडले की दहा, तेरा, सतरा नंबरचे राज्य, आणि खाली वाकले की साडेतीन सूत, चार सूत, साडेचार सूत. पेटीतले ते तीन तिळे भाऊ कशासाठी होते, याचा उलगडा मला असा झाला. दोन या जीपसाठी होते. तिसरा, डब्ल्यूवाला, अण्णांच्या आधीच्या कुठल्याशा इंग्रजी ट्रकची आठवण असावी.

हे सारे मला कळले ते पुस्तके चाळून आणि पुष्कळ उशिरा. त्याआधी मी एक भडक रंगाची, शंभरावर नग असलेली प्लॅस्टिकची पेटी विकत घेऊन बसलो होतो. सगळे मिलिमीटरमध्ये, सगळे चकचकीत. अण्णांची पेटी मी माळ्यावर टाकली. शिवाय गेल्या दिवाळीपूर्वी हौसेने जीपला रंग काढला. चाकांनाही काढला, नटांसकट.

जुलैतली गोष्ट. रात्री अडीचच्या सुमारास आईच्या छातीत कळ आली. पावसाची झड लागलेली. मी तिला जीपमध्ये घातले आणि कराडकडे निघालो. पाटणकडे उतरताना एका वळणावर स्टिअरिंग डावीकडे ओढ घेऊ लागले. उतरून पाहिले तर पुढचे डावे चाक बसलेले. घाबरण्यासारखे काही नव्हते. जॅक होता, जादा चाक होते, नवी पेटी होती. १९ नंबरची गोटी सहा सुताच्या नटाला बसते, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेवढी सोयरीक दोन घराण्यांत आहे. गोटी घट्ट बसली. नट हलेना. मी दांड्याला पाइप घातला आणि त्यावर उभा राहिलो. कट्ट असा आवाज झाला. मला वाटले, सुटला. नट हातात आला, पण एकटा आला नाही. तुटलेल्या बोल्टचा तुकडा घेऊन आला. दुसऱ्या नटावर उभा राहिलो. तोही तसाच आला.

आत आई पदराने कपाळ पुसत बसली होती. तिने काच खाली केली आणि अगदी हळू म्हणाली, "अरे, डाव्या अंगाचं उलटं असतं ना? हे सांगायचे."

डाव्या अंगाचे उलटे असते. जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे डावे असतात. उजवे चाक सोडवताना जसे फिरवायचे त्याच्या उलट फिरवायचे. चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नयेत म्हणून पूर्वीच्या लोकांनी ही युक्ती केली होती. पुढे नटाची बैठकच चांगली उतरती करू लागले आणि ही युक्ती पुष्कळ ठिकाणी सुटली. मी नट सोडवत नव्हतो, आवळत होतो. बोल्टच्या टोकावर त्यासाठी इंग्रजी एल कोरलेला असतो, आणि त्या नटांभोवती अण्णांनी लाल रंगाचे कडे काढून ठेवलेले होते. दिवाळीच्या रंगात मी दोन्ही बुजवले होते.

उरलेले तीन नट उलट फिरवल्याबरोबर मुकाट्याने सुटले. पण पाचांपैकी तीन बोल्टांवर, पावसात, त्या उतारावर आईला घेऊन जायचे माझ्याच्याने झाले नाही. पाऊण तासाने दुधाचा टेम्पो आला, आणि कॅनांच्या मध्ये बसून ती कराडला गेली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलेत. त्या पाऊण तासाला वेळेवर कसे म्हणावे हे मला अजून कळलेले नाही. आई बरी आहे, रोज एक गोळी घेते, आणि आल्यागेल्याला ती गोष्ट सांगताना माझ्या उभे राहण्याची नक्कल करते.

श्रावणात मी माळ्यावरची पेटी खाली काढली आणि नव्याने निवड करायला बसलो. पहिल्यांदा जीपखाली कांबळे अंथरून एकेक नट मोजला आणि वहीत लिहिला. हत्यार घेण्याआधी हे करणारे थोडे. मी तर हे शेवटी केले. वहीवरून दिसले की शंभरातले सत्तर नग मला जन्मात लागणार नाहीत, आणि जे लागतात ते त्यात नाहीत. ९/१६ चा, म्हणजे साडेचार सुताचा नट घ्या. तो १४.२९ मिलिमीटर. १४ चा पाना त्यावर चढत नाही, १५ चा चढतो आणि डुलतो. जोर दिला की नटाचे कोपरे गुळगुळीत. तिथे इंची पानाच हवा. अर्ध्या इंचावर १३ चा चालतो असे पुष्कळजण म्हणतात. सैल नटावर चालतो. गंजलेल्या नटावर तो ०.३ मिलिमीटरचा फरक तुमच्या बोटांची साले काढतो. माझ्या उजव्या हाताची आहेत साक्षीला.

आता माझ्याकडे रिंग पाने आहेत, साडेतीन सुतापासून आठ सुतापर्यंत इंची, आणि दहापासून एकोणीसपर्यंत मेट्रिक. फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, रिंग पाना चहूकडून कवळतो. म्हणून सोडवायला रिंग आणि भरभर फिरवायला फिक्स, असा मी नेम केला आहे. गोट्यांचा संच अर्ध्या इंची चौकोनी मुठीचा. सुट्या गोट्या आणि बदलत्या मुठी ही युक्ती अमेरिकेत १९२० साली विकायला निघाली तेव्हा पाच मुठी आणि दहा गोट्या पन्नास पान्यांचे काम करतात अशी तिची जाहिरात होती. जाहिरात असून खरी होती. स्क्रू पाना मात्र मी एकच ठेवला आहे. स्वीडनच्या योहान्सनने १८९२ च्या सुमारास आजच्या घडणीचा स्क्रू पाना केला तो गावोगावचे नट वेगवेगळे म्हणूनच. त्याची सोय मोठी. पण त्याच्या सरकत्या जबड्यावर फार भार टाकू नये. तो पाहुण्यासारखा आहे, चहापाण्यापुरता बरा.

चारही चाके ओढणाऱ्या गाडीला म्हणून दोन गोष्टी जास्त लागतात. पुढच्या चाकांच्या तुंब्यात बेअरिंग धरणारे दोन मोठे नट असतात, मध्ये दुमडलेली चकती. त्यांना दोन इंचांहून मोठी षट्कोनी गोटी लागते. ती नाही म्हणून लोक छिन्नी आणि हातोडीने ते नट ठोकून फिरवतात. आमच्याही नटांवर तसे घाव आहेत. ते अण्णांचे आहेत असे मानायला मन घेत नाही, पण दुसऱ्या कोणाचे असणार? दुसरी गोष्ट ग्रीसगन. पुढे एक आणि मागे एक असे दोन प्रोपेलर शाफ्ट, त्यांचे सांधे, पुढच्या चाकांची वळणे. या गाडीला तहान फार.

टॉर्क रेंच म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना. तो न्यूयॉर्कच्या पाणी खात्यातल्या कॉनरॅड बाहरने १९१८ साली काढला, कारण तिथले कामगार नळांचे बोल्ट आवळता आवळता तोडीत. हे वाचल्यावर मी तो त्याच आठवड्यात घेतला. जॅकखेरीज दोन भक्कम घोड्याही घेतल्या, कारण नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नये असा अण्णांचा दंडक होता आणि तो त्यांनी स्वतः पाळलेला मी पाहिला आहे. लाल रंगाची डबीही घेतली.

राहिले ते तुटलेले दोन बोल्ट. तालुक्याला मिळाले नाहीत. नागदेवी स्ट्रीटवर एका ओळखीच्याने विचारून पाहिले, तिथेही नव्हते. शेवटी एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. गोणपाटावर लोखंड पसरून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. समोर गंजलेल्या गोट्यांचा ढीग, बाजूला तीन-चार डब्ल्यूचे पाने. मी खिशातून तुटका तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेला, अंगठ्याने आट्यांवरून फिरवला, आणि माझ्याकडे न बघता एका डब्यात हात घालून विचारले, "जीपचा ना? डावा का उजवा?"